माझ्या हातचे चार ग्लास

परवा गावाकडून पुतण्याचा फोन आला. “काका, ज्वारी हुरड्यात आली बगा. आयतवारी आगटी लावायलो. येता का न्हाई?” मी हो म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “जा, पण तिथं इंग्लंड काढून बसू नका.” तिचंही बरोबर आहे. दरवर्षी या दिवसांत माझं इंग्लंड निघतं. पाहुणा असो, शेजारी असो, सलूनवाला असो, कुणाची सुटका नसते. पण इतकी वर्षं संसार करून एक गोष्ट तिच्या लक्षात आलेली नाही. माझ्या डोक्यात हुरडा आणि इंग्लंड ही दोन वेगळी प्रकरणं नाहीतच. ज्वारीच्या कणसात दूध भरायला लागलं की गोवऱ्यांच्या धुराबरोबर मला ओल्या लोकरी कोटांचा आणि सांडलेल्या बिअरचा वास यायला लागतो. मी दारू पीत नाही. तरीही येतो.

आमच्या पाथरी तालुक्यातला पौष मला फार आवडतो. सकाळी ज्वारीतून चाललं की दवानं गुडघ्यापर्यंत भिजायला होतं. ज्वारी माणसापेक्षा उंच, धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, करडईची पिवळी काटेरी ओळ, माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या या रानातून त्या रानात जातात. दुपारी ऊन पाठीला बरं वाटतं आणि सूर्य कलला की लगेच घोंगडी शोधावी लागते. या दिवसांत माणसं जरा मऊ झालेली असतात. पीक डोळ्यांपुढं उभं असतं, घरात आलेलं नसतं, त्यामुळं हातात काहीच नसताना सगळं असल्यासारखं वाटतं. भांडणंसुद्धा लोक खळं होईपर्यंत पुढं ढकलतात. मीही इंग्लंडहून परतलो त्या साली असाच मऊ होऊन आलो असतो तर बरं झालं असतं, पण मी आलो तो पेटून आलो.

ते साल नामांतराच्या मधलं. मराठवाड्याच्या विद्यापीठाला नवं नाव द्यायचा ठराव होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि नाव काही दिलं गेलं नव्हतं. ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या बौद्धवाड्याला गावातली कामं बंद झाली, गिरणीत दळण बंद झालं, आणि आम्ही वीस दिवस परभणीला मामाच्या एका खोलीत अकरा माणसं राहिलो. मग हळूहळू सगळे परतले. ज्यांनी कामं बंद केली त्यांच्याच रानात पुन्हा कामाला गेले. माझा बा, किसन त्याचं नाव, रंगनाथरावांच्या शेतावर राखणीला होता. तो परत गेला तेव्हा रंगनाथराव म्हणाले, “आलास का किसन्या.” बा म्हणाला, “आलो मालक.” झालं तेवढंच बोलणं. त्या पावसाळ्यानंतर गावातून चालताना बा भिंतीच्या कडेनं चालायला लागला.

आमच्या गावच्या फाट्यावर बापूरावचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, भट्टी आणि भज्यांची परात. आत बसणाऱ्यांचे ग्लास आत. आमच्या वाड्याचे ग्लास बाहेर, खांबाला ठोकलेल्या फळीवर पालथे. चहा हवा तर आपला ग्लास आपणच उतरवायचा, पायरीवर ठेवायचा, बापूराव वरून ओतणार. पिऊन झालं की बादलीतल्या पाण्यानं विसळून पुन्हा पालथा घालायचा. कायद्यानं हे कधीच बंद झालं होतं, त्यामुळं फळीवर काही लिहिलेलं नव्हतं. गरजही नव्हती. बापूराव तसा वाईट माणूस नव्हता. मी बारावी पास झालो तेव्हा त्यानं मला हाक मारून पेढा दिला होता. तोही वरूनच, ओंजळीत सोडून.

आणि हे फक्त खेड्यात होतं असंही नाही. कॉलेजात असताना वसतिगृहावर माझ्या खोलीतल्या मित्राचे वडील आले. उन्हातून आलेले. मित्र आंघोळीला गेला होता म्हणून मी माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्यांच्या पुढं धरलं. त्यांनी तांब्या घेतला आणि गप्पांच्या ओघात माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. रागावले नाहीत, उलट मला अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. पण ओठ कोरडे पडलेला माणूस समोरच्या पाण्याकडं न बघता तासभर बसून राहिला. मला त्यांची कीव आली, माझी लाज वाटली, आणि त्या दिवसापासून मी एक धडा मनाशी पक्का केला. आपल्या हातचं कुणापुढं करायचंच नाही. समोरच्याला अडचणीत टाकण्याआधी आपणच मागं सरायचं. याला मी शहाणपण समजत होतो. सभ्यपणाही समजत होतो.

पुढं शेतकी शिकून मी परभणीतच बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत लागलो आणि सरकारी शिष्यवृत्तीवर दहा महिन्यांसाठी इंग्लंडला निघालो. वाड्यातला विमानात बसणारा पहिलाच माणूस. मायनं दारू पिणार नाही अशी शपथ घातली आणि सोबत तिळाची चटणी दिली. बा म्हणाला, “तितं कुनाच्या मदी पडू नगंस.” दहा महिन्यांना पुरेल असा त्याच्याकडं तेवढाच सल्ला होता.

ते गाव लहान होतं. तिथल्या बियाण्यांच्या केंद्रात माझ्याबरोबर तिघं काम करायची. डेव्हिड माझ्याच वयाचा, मॉरीन पन्नाशीची, दाणे मोजण्यात तिचा हात कुणी धरत नसे, आणि काचघर सांभाळणारा म्हातारा आल्बर्ट, ज्याला शेंगांशिवाय दुसरा विषय नव्हता. दर शुक्रवारी काम संपलं की तिघं पबात जात. पहिल्याच शुक्रवारी डेव्हिड म्हणाला, तू पुढं हो, आम्ही येतोच.

मी एकटा आत गेलो. दाराजवळच्या बाकावर बसलो. आता सांगायला हसू येतं, पण पूर्ण खोली मोकळी असताना मी दाराजवळच बसलो. गल्ल्याच्या मागं मालक ग्लास पुसत होता. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि पुन्हा पुसायला लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणी विचारायला येईना. माझ्यानंतर आलेली माणसं हातात ग्लास घेऊन बसली. वीस मिनिटं झाली. कानामागं गरम व्हायला लागलं. म्हणजे इथंही? सात समुद्र ओलांडून आलो, इथंही यांना कळलं? कुणी सांगितलं यांना? आता उठावं आणि त्या मालकाला चार शब्द सुनवावेत म्हणून मी मनातल्या मनात इंग्रजी जुळवायला लागलो. वाक्य चांगलं जमत आलं होतं तेवढ्यात डेव्हिड आला.

“अरे, तू काहीच घेतलं नाहीस?”

“मला कुणी विचारलंच नाही,” मी दात खाऊन म्हणालो.

तो पोट धरून हसला. इथं कुणीच कुणाला विचारत नाही म्हणाला, राणी आली तरी तिला उठून गल्ल्यापाशी जावं लागेल. मी वळून बघितलं. खरंच, जो तो उठून गल्ल्यापाशी जात होता, मागत होता, स्वतःच उचलून आणत होता. वीस मिनिटांत मी एवढं सुद्धा बघितलं नव्हतं. राग मी घरून बांधूनच आणला होता, चटणीच्या डब्याशेजारी, आणि पहिल्या संधीला सोडून बसलो होतो. अर्थात तो अगदीच फुकट नेला होता असं नाही. त्या गावच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत मोकळी राहायची, हे मी पुढं मोजून बघितलं. पण पबातल्या मालकाचा त्यात काही दोष नव्हता. मी लिंबाचं सरबत मागितलं आणि त्यात मीठ घाला म्हणालो, तेव्हा त्या बिचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा हा प्रकार ऐकला असावा. तरी त्यानं मिठाची बाटली आणून दिली, आणि बुडबुड्यांच्या गोड पाण्यात मीठ पडल्यावर जो फेस उसळला तो माझ्या मांडीपर्यंत आला.

पण खरी गंमत, गंमत कसली, खरं दुखणं पुढंच होतं. पहिल्या शुक्रवारी सगळ्यांचे ग्लास डेव्हिडनं आणले. दुसऱ्या शुक्रवारी मॉरीननं. तिसऱ्या शुक्रवारी आल्बर्ट उठला आणि शेंगांबद्दल बोलत बोलतच चार ग्लास घेऊन आला. चौथ्या शुक्रवारी सगळे बसले आणि कुणीच उठेना. तिघं माझ्याकडं बघायला लागली. मीही त्यांच्याकडं बघायला लागलो. शेवटी डेव्हिड उठला.

मला कळत नव्हतं असं नाही. पाळीपाळीनं आणायचं असतं हे दुसऱ्याच शुक्रवारी लक्षात आलं होतं. पण माझा धडा मनात पक्का बसलेला होता. या लोकांनी मला जवळ बसवलं हेच पुष्कळ. आता मी चार ग्लास उचलून आणायचे, ते त्यांनी ओठाला लावायचे, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडावर काय येईल ते मी बघायचं? ते म्हातारं अवघडून ग्लास खाली ठेवील आणि तासभर शेंगांवर बोलत बसेल. नको. त्यांना जातबीत ठाऊक नाही, हे मला डोक्यानं समजत होतं. हातांना समजत नव्हतं. मी पैसे टेबलावर ठेवून बघितले, तर डेव्हिडनं ते परत सरकवले. पैसे नको होते त्यांना.

असे चार-पाच शुक्रवार गेले. आल्बर्ट माझ्याशी बोलायचा कमी झाला. मग एका शुक्रवारी तिघं मला न बोलावता निघून गेली. मी खिडकीतून त्यांच्या पाठी बघितल्या, आणि मनात म्हणालो, बघ, झालंच. पण यात नवीन काही नाही असं स्वतःला समजावत खोलीवर गेलो, तरी जेवण गेलं नाही.

सोमवारी मॉरीननं मला दाणे मोजायच्या टेबलापाशी गाठलं. बाई फटकळ होती. “तू आमच्याकडून घेतोस आणि आम्हाला देत नाहीस,” ती म्हणाली. “आम्ही तुला आवडत नाही का? आमच्यात मोजलं जायची लाज वाटते तुला? आल्बर्टला फार लागलंय ते.”

मी आधी हसलो. हसू थांबेना, तेव्हा ती आणखी चिडली. मग मी तिला सांगितलं. फळी सांगितली, बादली सांगितली, तांब्या सांगितला. तिला काही उमजेना. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिनं चष्मा काढला, माझा उजवा हात धरला, तळवा वर केला, खाली केला, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, बियांवरची कीड तपासावी तसं.

“यात काहीच नाही,” ती म्हणाली.

“नाहीच आहे,” मी म्हणालो.

“मग शुक्रवारी तू आणायचंस.” आणि ती दाणे मोजायला लागली.

मी समजत होतो, मी आणलेलं पिणं त्यांना जड जाईल. आणि ती माणसं इतके दिवस मनाला लावून घेत होती की हा आमच्यासाठी आणत नाही, म्हणजे हा आम्हाला आपलं मानत नाही. माझ्या सभ्यपणाचा त्यांच्या देशात अर्थ होता चढेलपणा. माझ्यासारख्या माणसाला कुणी चढेल म्हणेल असं वाड्यात सांगितलं असतं, तर लोक पोट दुखेपर्यंत हसले असते.

शुक्रवारी मी गल्ल्यापाशी गेलो. तीन बिअर आणि एक लिंबूपाणी, बिनमिठाचं. मालकानं ग्लास काठोकाठ भरून ठेवले. चार ग्लास दोन हातांत कसे धरायचे ते त्यानंच दाखवलं, मधे चिमटीत पकडून. टेबल बारा पावलांवर होतं. आयुष्यात मी नांगरामागं चाललो आहे, पुरात ओढा ओलांडला आहे, साहेबांपुढं मुलाखती दिल्या आहेत, पण ती बारा पावलं मला आजही वेगवेगळी आठवतात. सातव्या पावलाला बिअर मनगटावरून बाहीत गेली. मी ग्लास टेबलावर टेकवले. आल्बर्टनं माझ्याकडं न बघता एक उचलला, एका दमात अर्धा केला, मिशीचा फेस पुसला आणि डेव्हिडला म्हणाला, “तर मी काय सांगत होतो, या वर्षी शेंगांना मावा लवकर लागणार.”

बघितलंसुद्धा नाही त्यानं. माझा एवढा मोठा सत्कार त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. मी हात धुवायच्या खोलीत जाऊन रडलो, सांगायला लाज कसली. आरशात तोंड बघितलं, ते मला चांगलं दिसलं. परत येऊन ताठ बसलो. आणि त्यानंतर माझं असं झालं की मला उठायचा नाद लागला. कुणाचा ग्लास अर्धा होतोय न होतोय तोच मी गल्ल्याकडं धाव घ्यायचा. दोन शुक्रवार त्यांनी सहन केलं. तिसऱ्या शुक्रवारी आल्बर्टनं माझा कोट धरून मला खाली बसवलं. “बस रे,” तो म्हणाला, “आज माझी पाळी आहे. आमचीही काही इज्जत ठेव.” इज्जतीचा प्रश्न असा उलट्या बाजूनं माझ्यापुढं कुणी कधी टाकला नव्हता.

पौषात परत आलो. परभणीहून एसटीनं पाथरी, तिथून जीप. फाट्यावर उतरलो तेव्हा दुपार टळत आली होती आणि दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बा पांढरा पटका बांधून हॉटेलच्या बाहेर खांबापाशी उभा होता. आत बाकड्यावर रंगनाथराव बसले होते आणि शेजारी माझे शाळेतले गुरुजी, आता निवृत्त झालेले. बापूरावनं भट्टीमागून हाक दिली, “आलास का रं भास्करा. गोरा न्हाई झालास मातर.”

मी बाच्या पाया पडलो. त्यानं माझ्या बाहीवरून हात फिरवला, कोटाचं कापड चाचपलं आणि सवयीनं फळीवरचे दोन ग्लास उतरवायला वळला. तो हात मी पकडला आणि सरळ आत गेलो, भट्टीपर्यंत.

“बापूराव, चार चहा. रंगनाथरावांना, गुरुजींना, बाला आन मला. माझ्याकडून. आतल्या ग्लासात.”

बापूरावनं रंगनाथरावांकडं बघितलं. रंगनाथरावांनी रस्त्याकडं बघितलं. “आरं राजा,” बापूराव हळूच म्हणाला, “आताच आलायस. दम खा. काऊन तमाशा करायलास?”

“तमाशा न्हाई. चहा मागायलो.”

एक मोटार धूळ उडवत गेली. बापूरावनं चार ग्लास मांडले आणि ओतले. मी ते दोन हातांत उचलले, मधे चिमटीत पकडून, बोटं भाजत असताना. बाकडं चार पावलांवर होतं. गुरुजींपुढं एक ठेवला. रंगनाथरावांपुढं एक ठेवला. बा बाहेरच उभा होता, त्याला हाताला धरून आत आणलं, दुसऱ्या बाकड्यावर बसवलं आणि त्याच्या हातात दिला.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग ग्लास उचलला, फुंकर घातली आणि प्याले. “तितं पाऊस लय आसतो म्हनं,” ते म्हणाले. मी म्हणालो, असतो. रंगनाथराव चांगलं बोलले माझ्याशी. पगार विचारला, लग्नाचं विचारलं, त्यांच्या ज्वारीला यंदा कणीस कसं बसलंय ते सांगितलं. पण ग्लासाला हात लावला नाही. चहावर साय धरली. जीप आली, ते उठले, धोतर झटकलं आणि गेले.

तो भरलेला ग्लास बाकड्यावर राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो. बापूराव भट्टीमागून बाहेर आला, जीप गेली त्या रस्त्याकडं बघितलं, ग्लासाकडं बघितलं, बोटानं साय बाजूला केली आणि उभ्या उभ्या सगळा चहा पिऊन टाकला. “फुकट घालवायचा व्हय,” तो म्हणाला आणि ग्लास आतल्या ग्लासांच्या बादलीत बुडवला.

घरी जाताना बा पुढं पुढं चालत होता. निम्मी वाट झाल्यावर थांबला. “तू चार दिसांनी परभनीला जाशील,” तो म्हणाला. “मला हितंच ऱ्हायाचंय. त्याच मानसाच्या रानात. त्या पावसाळ्यात काय झालं ते इसरलास का तू?” त्याचा आवाज रागाचा नव्हता, भ्यालेला होता, आणि मला तेव्हा स्वतःची फार लाज वाटली. मी बारा पावलं चाललो होतो ती तीन चांगल्या माणसांकडं. बाला मी न विचारता कुठं नेऊन बसवलं होतं? मी चुकलो, असं मी म्हणालो. ज्वारीतून पाखरं उठली, त्यानं सवयीनं एक ढेकूळ फेकलं. मग थोडं पुढं गेल्यावर स्वतःशीच म्हणाला, “बापूराव पेला पन.” वाड्यात शिरताना पुन्हा म्हणाला, “बापूराव पेला.”

पुढचे आठ दिवस घरात माणसांची रीघ होती. मायनं हुरडा भाजून भाजून हात काळे केले. मी येणाऱ्या प्रत्येकाला विमान सांगत होतो. बा रोज राखणीला जात होता, रंगनाथरावांनी त्याला काढलं नाही की काही बोलले नाहीत, फक्त हाक मारायचं टाळत होते. मला वाटलं, मी त्याचं उरलंसुरलं सुख घालवलं. माझी रजा संपत आली तरी तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी बा पटका बांधून कुठंतरी निघून गेला. उन्हं चढल्यावर परत आला. वाहणा काढल्या, ओट्यावर बसला, मायनं दिलेलं पाणी प्याला.

“कुटं गेल्ते?” मायनं विचारलं.

“फाट्यावर. दोगांला च्या पाजला.”

माय चुलीपुढून उठून दारात आली. “कुनाला?”

“वळकीचे नव्हते. बकऱ्या घिऊन सोनपेटच्या बाजाराला निगाले व्हते. जीपची वाट बगायले व्हते. बापूरावला म्हनलं, तीन च्या दे, आतल्या गिलासात. दिला त्यानं. म्याच निऊन दिला त्यांला.”

“वळकीचे नव्हते म्हनून पेले आसतील,” माय म्हणाली. माझ्याही मनात तेच आलं होतं.

“तसं नगं म्हनून तर आदीच सांगितलं,” बा म्हणाला. “गिलास हातात धरूनच सांगितलं. माजं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाडा बी सांगितला. म्हनलं, आता प्या.”

मी विचारलं, “मग?”

“मंग काय. एकानं दुसऱ्याकडं बगितलं. पेले की.” बानं पटका सोडून मांडीवर ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले. “आन वर म्हनायले, साकर कमी हाय.”